चांदी, कर्ज आणि नाव : ‘स्पिनिंग सिल्व्हर’ या कादंबरीतील माणसांविषयी

दीपमाळ

नेओमी नोविक यांची ‘स्पिनिंग सिल्व्हर’ ही २०१८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मी गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा वाचली. पहिल्या वेळी पुढे काय होते या ओढीने पाने उलटली होती. या वेळी एकेका पात्रापाशी थांबून, मागची पाने पुन्हा काढून सावकाश वाचली, आणि तेव्हा लक्षात आले की जादूपेक्षा या पुस्तकातील माणसेच माझ्या मनात घर करून राहिली आहेत. त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे. कथानकातील बहुतेक गोष्टी येथे उघड होतील, तेव्हा ज्यांना कादंबरी कोऱ्या मनाने वाचायची आहे त्यांनी ती आधी वाचावी आणि मग येथे यावे.

कादंबरीच्या मुळाशी ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेली रुम्पेलश्टिल्त्सकिनची परीकथा आहे. गिरणीवाला राजापुढे फुशारकी मारतो की आपली मुलगी पेंढ्यापासून सोने कातते. राजा तिला पेंढ्याने भरलेल्या खोलीत कोंडतो. एक बुटका येऊन तिचे काम करून देतो आणि मोबदल्यात आधी गळ्यातला हार, मग अंगठी आणि शेवटी तिचे पहिले मूल मागतो. मुलगी राणी होते, मूल जन्मते, बुटका ठरल्याप्रमाणे येतो आणि त्याचे नाव ओळखून राणी सुटते. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपण सगळेच राणीच्या बाजूचे असतो. बुटक्याने काम चोख केले होते, बोली दोघांच्या संमतीने झाली होती आणि शेवटी तोच रिकाम्या हाताने परत गेला, हे आपल्या मनातही येत नाही. नोविक यांची नायिका मिर्येम पहिल्याच पानावर त्यावर बोट ठेवते. तिच्या मते ही गोष्ट घेतलेले कर्ज बुडवण्याची आहे.

मिर्येमला हे सांगण्याचा अधिकार आहे, कारण ती सावकाराची मुलगी आहे. जुन्या पोलंड आणि लिथुआनियाची आठवण करून देणाऱ्या लिथ्वास नावाच्या कल्पित राज्यात, पाविस या लहानशा गावात तिचे ज्यू कुटुंब राहते. वडील स्वभावाने इतके मऊ आहेत की त्यांनी बायकोचा हुंडा गावभर कर्जाऊ वाटून टाकला आहे आणि तो परत मागायला त्यांची जीभ रेटत नाही. त्यामुळे सावकाराच्या घरात चूल थंड, भांडी रिकामी, आणि शेजारी मात्र त्याच पैशांवर उबदार कपडे घालून हिंडतात. आई आजारी पडते, खोकल्याने तिचे अंग पिळवटून निघते आणि एके दिवशी मिर्येम स्वतः उठून वसुलीला बाहेर पडते. ती दारोदार जाते, दारातून हलत नाही, पैसे नसतील तर धान्य घेते, वस्तू घेते आणि सगळे वहीत मांडते. घरात अन्न येते, शेगडी पेटते, आई बरी होते. आणि बरी झालेली आई लेकीकडे पाहून रडते, कारण आपली मुलगी आतून थंड होत चालली आहे हे तिला दिसते.

त्या रडण्यापाशी मी दोन्ही वेळा थांबले. पुढे बर्फाच्या राज्याचा राजा मिर्येमला उचलून नेतो ते याच थंडपणाच्या वाटेने, आणि ती वाट तिच्या आईने सर्वांच्या आधी ओळखलेली असते.

स्टारिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या बर्फलोकांना सोन्याची हाव आहे. जंगलातून घरी येताना मिर्येम आपल्या आईला सहज म्हणून जाते की मी चांदीचे सोने करते, म्हणजे व्यापाराने करते. हे शब्द स्टारिक राजाच्या कानी पडतात आणि तो दाराशी चांदीची थैली ठेवून जातो. आधी ६ नाणी, मग ६०, मग ६००. मूळ कथेतील कातणे येथे व्यवहार होऊन आले आहे, आणि हा बदल मला विलक्षण वाटतो. मिर्येम त्या चांदीची अंगठी, हार आणि मुकुट घडवून घेते, ते विस्निया शहराच्या ड्यूकला विकते आणि सोने मोजून देते. यात मंत्र कुठेच नाही. चांगला कारागीर गाठणे, योग्य गिऱ्हाईक हेरणे आणि किमतीवर ठाम राहणे, एवढीच तिची विद्या आहे.

मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते मात्र पुढे आहे. या कादंबरीतील प्रत्येक माणूस मनातल्या मनात एक वही बाळगून आहे. कोणाचे काय देणे लागतो, कोणाकडून काय येणे आहे, कोणत्या उपकाराची फेड अजून व्हायची आहे, याचा हिशेब प्रत्येक जण आपापल्या परीने करतो, आणि त्या हिशेबाच्या रीतीवरूनच त्यांचे स्वभाव आपल्याला कळतात. स्टारिक लोक कधी आभार मानत नाहीत. त्यांना ते अपमानास्पद वाटते. कोणी काही दिले तर ते तोलामोलाचे परत द्यायचे, नाही तर घ्यायचेच नाही. इंग्रजी वाचकाला ही रीत परकी आणि कठोर वाटत असेल. मला मात्र ती ओळखीची वाटली. आपल्या घरांत आईने ताट वाढले म्हणून कोणी तिचे आभार मानत नाही, आणि मोठ्या उपकाराबद्दल आपण ‘उतराई कसा होऊ’ असे म्हणतो. उतराई या शब्दात ओझे खांद्यावरून खाली उतरवण्याचा भाव आहे. तो शब्द मनात धरून ही कादंबरी वाचली तर वांडा, मिर्येम आणि तो बर्फाचा राजा हे तिघेही एकाच भाषेत बोलत असल्यासारखे वाटतात.

वांडाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती गावातल्या एका दारुड्या, मारकुट्या शेतकऱ्याची मुलगी. बापाने मिर्येमच्या वडिलांकडून घेतलेले कर्ज फेडण्यासाठी तिला त्यांच्या घरी कामाला जावे लागते. बापाच्या लेखी हा तोटा आहे. वांडा मात्र मनातून हरखते आणि तो आनंद चेहऱ्यावर दिसू देत नाही, कारण कर्ज फिटेपर्यंत बाप तिला कोणाच्या गळ्यात बांधू शकणार नाही हे तिने मनाशी मोजलेले असते. मिर्येमच्या वहीतील आकडे तिला आधी जादू वाटतात. मग ती आकडे शिकते, अक्षरे शिकते, एक दिवस स्वतः वही लिहू लागते. राजवाडा, मुकुट, आरशातून जाणारी वाट हे सगळे या पुस्तकात आहे, तरी माझ्यासाठी त्यातील सर्वांत मोठी जादू म्हणजे एका मुलीला बेरीज येऊ लागणे ही आहे.

रेवती_ज

दीपमाळ, फार मनापासून लिहिले आहे. माझा जीव मात्र इरिनावर आहे आणि तिच्याविषयी तुम्ही काहीच लिहिले नाही, म्हणून ती उणीव भरून काढते.

इरिना ही ड्यूकची मुलगी. दिसायला साधी, आई गेलेली, वडिलांच्या दृष्टीने निरुपयोगी. तिच्या अंगात आईकडून आलेले थोडे स्टारिक रक्त आहे, त्यामुळे मिर्येमने ड्यूकला विकलेली ती चांदी अंगावर घातली की पाहणारे भान विसरतात. त्याच जोरावर वडील तिचे लग्न झार मिर्नाटियसशी लावून देतात. या देखण्या, क्रूर तरुण झारच्या अंगात चेर्नोबोग हा आगीचा राक्षस राहतो आणि त्याला इरिनाचा थंडावा गिळायचा आहे. लग्नाच्या रात्रीपासून इरिना आरशातून स्टारिकांच्या बर्फाळ जगात पळून जाते, तेथे कुडकुडत रात्र काढते आणि सकाळी परत येऊन दरबारात शांतपणे उभी राहते. ती तलवार उचलत नाही की रडत नाही. समोरच्याला काय हवे आहे हे ओळखून ती बोलणी करते, आणि तिच्या मनात स्वतःच्या जिवाच्या आधी राज्यातील उपाशी माणसे येतात.

नोविक यांचे खरे कसब मला मिर्नाटियसमध्ये दिसले. अर्ध्या कादंबरीपर्यंत आपण त्याचा तिरस्कार करतो. मग अचानक तो स्वतः बोलू लागतो आणि आपल्याला कळते की आईनेच त्याला राक्षसाच्या हवाली केले होते, आणि रात्री शिकार हातून निसटली की राक्षस त्याच्याच शरीराचे हाल करतो. सगळ्या दरबाराला इरिना अप्सरा वाटते. याला मात्र ती जशी आहे तशीच दिसते, आणि सगळे काय पाहत आहेत हे कळावे म्हणून तो कागदावर पुन्हा पुन्हा तिचा चेहरा रेखाटत बसतो. त्या चित्रांमध्ये प्रेम नसते, नुसता चिडलेला गोंधळ असतो, आणि तरीही तिच्याकडे इतके नीट पाहणारा तोच पहिला पुरुष ठरतो.

एका बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. कादंबरी सहा जणांच्या तोंडून सांगितलेली आहे आणि कोण बोलते आहे हे प्रकरणावर लिहिलेले नसते. पहिल्या शंभर पानांत ते सुरेख जमते, कारण मिर्येम आणि वांडा यांची बोलण्याची रीतच निराळी आहे. पुढे इरिनाची दाई माग्रेटा आणि वांडाचा धाकटा भाऊ स्टेपॉन हेही बोलू लागतात, तेव्हा काही ठिकाणी कथा अडखळते असे मला वाटले.

दीपमाळ

रेवतीताई, इरिनावर लिहायचे मी मुद्दाम तुमच्यासारख्या कोणासाठी तरी ठेवले होते. स्टेपॉनविषयी मात्र मी सहमत नाही. त्या लहान मुलाच्या तोंडी येणारी प्रकरणे काढून टाकली तर विस्नियातील लग्नघराचा गजबजाट आपल्याला इतका कधीच जाणवला नसता. आयुष्यात बकऱ्या आणि जंगल यांपलीकडे काही न पाहिलेल्या त्या मुलाला शहराचा आवाज सोसवत नाही. आपण मोठी माणसे ज्याला समारंभ म्हणतो, ते त्याच्या कानांना काय वाटत असेल हे त्याच्याच तोंडून यायला हवे होते.

माग्रेटाच्या बाबतीत तर मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की तिच्याशिवाय जंगलातील झोपडीचा भाग उभाच राहिला नसता. ती झोपडी दोन्ही जगांत एकाच वेळी आहे. या बाजूला घरातून पळालेली वांडा आणि तिचा भाऊ सर्गेई आहेत, त्या बाजूला इरिनाने लपवून ठेवलेली म्हातारी दाई आहे. एका बाजूने केलेले काम दुसऱ्या बाजूला सापडते आणि कोणी केले ते कोणालाच दिसत नाही. हिशेब ठेवणाऱ्या माणसांच्या या कादंबरीत देणारा आणि घेणारा यांची ओळखच नाही अशी ही एकच जागा आहे.

पाणकळा

मी ही कादंबरी मुलीने आग्रह केला म्हणून वाचली. परीकथांचा मला फारसा नाद नाही. पण सावकाराची मुलगी नायिका आहे असे तिने सांगितले तेव्हा खरे सांगायचे तर कपाळावर आठी आली.

आमचे मूळ गाव सुप्यापासून फार लांब नाही. १८७५ सालच्या १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, कर्जाची खते बाहेर काढली आणि त्यांची होळी केली. ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरले आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. हा इतिहास मी शाळेत शिकण्याच्या आधी घरात ऐकला. माझ्या पणजोबांनी ज्या कागदावर अंगठा उठवला तो काय आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, मुद्दल फिटले तरी व्याज उरले आणि ओढ्याकाठची जमीन गेली, ती गेलीच. त्यामुळे वही हातात घेऊन दारोदार फिरणाऱ्या मिर्येमकडे पाहताना पहिली पन्नास पाने माझी सहानुभूती दार उघडणाऱ्या माणसाकडे होती.

मग वांडाची प्रकरणे आली. कर्जदाराच्या घरातील मुलगी, आणि तिला सावकाराच्या घरी दोन वेळचे अन्न मिळते, कोणी अंगावर हात टाकत नाही, कामाचा दिवस वहीत प्रामाणिकपणे जमा होतो. लेखिकेने सावकार चांगला आणि कर्जदार वाईट असे सोपे उत्तर दिलेले नाही. वांडाच्या घरची गरिबी खरी आहे. बर्फ हटत नाही, पीक येत नाही, घराजवळच्या पांढऱ्या झाडाखाली तिची आई आणि जन्मून न जगलेली भावंडे पुरलेली आहेत. आणि तरीही बापाच्या दारूचा दोष सावकारावर टाकता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्या क्षणी वांडा स्वतः वही वाचू लागली त्या क्षणी मला माझे पणजोबा आठवले. त्यांना तो कागद वाचता आला असता तर काय झाले असते, हा विचार करत मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

एक प्रश्न मात्र राहिला. मिर्येमच्या वडिलांना वसुलीचा इतका तिटकारा होता तर त्यांनी दुसरा धंदा का केला नाही?

दीपमाळ

पाणकळा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही सहानुभूतीची जी जागा सांगितली ती मला सुचलीच नव्हती, कारण माझ्या घरी अशी आठवण नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर कादंबरीच्या मागे असलेल्या इतिहासात आहे. मध्ययुगीन युरोपात चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज घेण्यास मनाई केली होती, आणि ज्यूंना बहुतेक ठिकाणी शेतजमीन बाळगता येत नसे की कारागिरांच्या संघांत प्रवेश मिळत नसे. ज्या कामाला इतरांनी पाप ठरवले ते काम त्यांच्या वाट्याला आले, आणि मग तेच काम करतात म्हणून त्यांच्याविषयी द्वेष वाढला. १२१५ साली चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने तर ज्यूंनी वेगळा ओळखू येईल असा पोशाख करावा असा नियम केला. त्या मानाने पोलंडमध्ये परिस्थिती बरी होती. १२६४ साली कालिशच्या सनदेने त्यांना संरक्षण दिले आणि म्हणून पुढची काही शतके पश्चिमेकडून हाकललेली कुटुंबे पूर्वेकडे येत राहिली. नोविक यांचे वडिलांकडचे घराणे लिथुआनियन ज्यू आणि आईकडचे पोलिश आहे. कादंबरीतील मिर्येमचे घर आणि वांडाचे घर या दोन्ही घरांना त्यामुळे आतून पाहिल्याची ऊब आली असावी, असे मला वाटते.

ग्रिम बंधूंच्या संग्रहात ज्यू माणसाला काटेरी झुडपात नाचवून शेवटी फासावर चढवणारी एक कथा आहे. सोने जमवणारा, मुले पळवणारा, नाव लपवणारा बुटका हाही त्याच पूर्वग्रहाच्या सावलीत उभा आहे असे अनेक वाचकांना वाटत आले आहे. त्या बुटक्याची जागा एका हुशार, रागीट, आईवडिलांवर जीव टाकणाऱ्या मुलीला देणे हे नुसते कथानकाचे कौशल्य नाही. शतकानुशतके अंगावर टाकलेले बोलणे लेखिकेने उचलून परत केले आहे.

मिर्येमच्या आजोबांच्या घरातील तळघर आठवून पाहा. विस्नियासारख्या शहरात मानाने राहणारा, ड्यूकशी व्यवहार असणारा तो म्हातारा सावकार आपल्या घराखालून तटाबाहेर जाणारा गुप्त भुयारी रस्ता राखून आहे. कधी ना कधी जीव घेऊन पळावे लागेल हे गृहीत धरून बांधलेले ते घर आहे, आणि लेखिका त्यावर एकही भाषण करत नाही.

मोरपंखी

चर्चा वाचून पुस्तक मागवले आहे. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला वाचायला देता येईल का?

रेवती_ज

देता येईल, पण आधी तुम्ही वाचा. वांडाच्या घरातील मारहाण आणि तिच्या बापाचा मृत्यू हा भाग अंगावर येतो. इंग्रजी फार अवघड नाही, मात्र सांगणारा बदलला हे ओळखण्याची सवय लागायला दोन-तीन प्रकरणे जातात. नोविक यांची २०१५ सालची ‘अपरूटेड’ ही याच प्रकारची, पोलिश लोककथांच्या मातीतली कादंबरी एकाच मुलीच्या तोंडून सांगितलेली आहे. तिला विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी दिला जाणारा नेब्युला पुरस्कार मिळाला होता. वाचन सोपे हवे असेल तर तेथून सुरुवात करता येईल, पण माणसांची श्रीमंती ‘स्पिनिंग सिल्व्हर’मध्ये अधिक आहे.

गोदातीर

येथील कौतुकात मी बहुतांशी सामील आहे. तरीही एक गोष्ट मला खुपते आणि ती बोलून दाखवणे योग्य वाटते. स्टारिक राजा मिर्येमला तिच्या इच्छेविरुद्ध उचलून नेतो, तिच्या मागे तिचे आईवडील तिला जवळजवळ विसरून जातात, आणि शेवटी त्याच राजाशी ती आपखुशीने लग्न करते. परीकथांमध्ये हे हजार वर्षे चालत आले आहे. इतकी जागरूक लेखिका त्याच वळणावर का आली?

रेवती_ज

हा आक्षेप मलाही पहिल्या वाचनात होता. दुसऱ्या वाचनात दोन गोष्टी नजरेत भरल्या.

राजालाही ते लग्न नको होते. तीन वेळा चांदीचे सोने करून दाखवलेस तर राणी करीन असे तो बोलून गेला, कारण ती जिंकेल असे त्याला वाटलेच नव्हते. मग स्वतःच्या शब्दात स्वतःच अडकला. स्टारिक माणूस शब्द मोडू शकत नाही, हीच त्याची ताकद आणि हीच त्याची बेडी. मिर्येम हे ओळखते आणि पहिल्या रात्रीपासून त्याच्याशी बोली करते: पतीचा हक्क सोडून देण्याच्या बदल्यात त्याने रोज रात्री तिच्या ठराविक प्रश्नांची उत्तरे द्यायची.

दुसरी गोष्ट तीन कोठारांची. चुलत बहीण बासियाच्या लग्नाला जाता यावे म्हणून मिर्येम अट मान्य करते की तीन कोठारांतील सगळी चांदी सोन्याची करीन. राजवाड्यात आता तिच्या हाताचा स्पर्श खरोखरच चांदीचे सोने करतो. पहिले कोठार होते, दुसरे होते, आणि तिसरे इतके अवाढव्य निघते की वेळ पुरणे शक्य नाही. तेव्हा ती अटीचे शब्द सावकाराच्या मुलीसारखे तपासते. कोठारात असलेले प्रत्येक नाणे सोन्याचे हवे, एवढेच ठरलेले आहे. मग कोठारात चांदी राहिलीच नाही तर? तीन स्टारिक सेवकांना बरोबर घेऊन ती उरलेली चांदी गाड्या भरभरून बाहेर गोठलेल्या नदीच्या बोगद्यात ओतून देते. हात भरून आलेले, डोळ्यांवर झोप, आणि एकेक गाडी रिकामी होते आहे. ते दृश्य वाचताना मी श्वास रोखून धरला होता. त्या सेवकांपैकी एकीच्या लहान मुलीला मिर्येम नाव देते. स्टारिकांमध्ये नाव देणे म्हणजे बांधिलकी. पुढे राजाला कैदेत टाकून चेर्नोबोगच्या तोंडी देण्याची वेळ येते तेव्हा मिर्येमला त्याच्यावरील प्रेम आठवत नाही, ती नाव दिलेली मुलगी आठवते, आणि म्हणून ती त्याला सोडवते. प्रेम त्यानंतर, फार उशिरा येते. ती घरी परतते आणि त्याला तिच्या आईवडिलांच्या दारी येऊन, त्यांच्या रीतीने मागणी घालावी लागते. उचलून नेण्याचा तो उलटा प्रवास मला पुरेसा वाटला. तुम्हाला पुरेसा वाटणार नाही हेही मी समजू शकते.

गोदातीर

कोठारांचा प्रसंग मी घाईत वाचला होता असे आता वाटते. आक्षेप पूर्ण गेला नाही, पण पुन्हा वाचीन.

ओळीमधले

मी अनुवादाचे काम करतो, त्यामुळे कोणतेही पुस्तक आवडले की ते मराठीत कसे येईल हे मनात घोळू लागते. येथे पहिली अडचण आहे ती ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची. इंग्रजीत एकाच सर्वनामावर सगळे निभावते. मराठीत स्टारिक राजा मिर्येमला सुरुवातीपासून ‘तू’ म्हणेल यात शंका नाही, कारण त्याच्या लेखी ती एक य:कश्चित माणूस आहे. ती त्याला काय म्हणेल? भीतीने ‘तुम्ही’ म्हणणारी मिर्येम मला खोटी वाटते. ज्याच्याशी व्यवहार सुरू आहे त्याच्याशी ती तोलून-मापून ‘तुम्ही’ म्हणेल, जसे सावकार मोठ्या कुळाशी बोलतो. आणि पुढे तो तिला मानाने हाक मारू लागतो, तेथे मराठीत त्याचे ‘तू’ बदलून ‘तुम्ही’ व्हायला हवे. म्हणजे इतर प्रेमकथांत नवरा-बायको ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतात, आणि येथे तो ‘तू’वरून ‘तुम्ही’वर येईल. मूळ इंग्रजीत दडलेली ही चाल मराठीत लख्ख दिसेल, याचा मला फार आनंद झाला.

वांडाची वाक्ये लहान ठेवावी लागतील, तिला आकडे येऊ लागले की थोडी लांबतील. माग्रेटाला आजीची मराठी द्यावी लागेल, ‘माझी बाय’ म्हणणारी. इरिना प्रमाण भाषेत बोलेल, एकही शब्द वाया न घालवता. सर्वांत कठीण काम शेवटच्या ओळीचे आहे, कारण तेथे राजाचे नाव येते आणि येतही नाही.

समुद्रकाठ

मी अनेक वर्षे हे संकेतस्थळ वाचत आले आहे, पण लिहिण्याची ही पहिलीच वेळ. माझे आजोळ अलिबागजवळचे, आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. मराठी ही माझ्या आजीची आणि आईची भाषा. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. पाणकळा यांचा प्रश्न आणि त्यावरचे उत्तर वाचताना हे आठवले. एकाच धर्माची माणसे एका देशात सावकार झाली आणि दुसऱ्या देशात तेली झाली, कारण तेथल्या आणि येथल्या लोकांनी त्यांना जगायला दिलेली जागा वेगळी होती. मिर्येमसारखी भुयारे आमच्या घरांखाली कोणी खणली नाहीत, याबद्दल माझी आजी कोकणाचे ऋण मानत असे.

ओळीमधले यांनी शेवटच्या ओळीचा उल्लेख केला म्हणून लिहिते आहे. ज्यू लग्नात केतुबा नावाचा विवाहलेख करतात. आमच्याकडेही तो मंडपात मोठ्याने वाचला जातो. परंपरेने तो अरामी भाषेत असतो. त्यात प्रेमाच्या शपथा नसतात. नवरा बायकोचे काय देणे लागतो ते त्यात असते: तिचे अन्न, वस्त्र, आणि काडीमोड झाला किंवा नवरा आधी गेला तर तिला द्यायची रक्कम, जी कुमारिकेसाठी जुन्या हिशेबाने २०० झूझ (जुनी चांदीची नाणी) लिहितात. म्हणजे केतुबा हे एका अर्थाने कर्जाचे खतच आहे, ज्यात ऋणको नवरा आणि धनको बायको. आणि खत म्हटले की नाव आलेच. नावाशिवाय ते खत लागू होत नाही.

स्टारिक आपले खरे नाव कधीही सांगत नाहीत, कारण नाव दुसऱ्याच्या हाती गेले की आपण त्याच्या हाती गेलो असे ते मानतात. मूळ परीकथेत राणी बुटक्याचे नाव चोरून मिळवते आणि त्याला नष्ट करते. येथे राजा स्वतः येतो, लेखावर आपले नाव लिहितो आणि ते मिर्येमच्या स्वाधीन करतो. सगळी कादंबरी तिने आपल्याला सांगितली, प्रत्येक नाणे मोजून दाखवले, पण ते नाव ती आपल्याला सांगत नाही. त्या पानावर मी रडले. माझ्या आईचा केतुबा आजही आमच्या कपाटात रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेला आहे. रडू आवरल्यावर मी तो काढला आणि त्यावर लिहिलेले वडिलांचे नाव पाहिले.

दीपमाळ

समुद्रकाठ, केतुबाचा हा अर्थ मला माहीत नव्हता. कर्ज बुडवल्याच्या गोष्टीने सुरू झालेली कादंबरी कर्जाच्या खतावर येऊन थांबते, हे तुम्ही दाखवले नसते तर तिसऱ्या वाचनातही मला दिसले नसते.

नावावरून माझी आजी आठवली. तिने आयुष्यभर आजोबांचे नाव घेतले नाही, फक्त उखाण्यात घेतले. लहानपणी मी एकदा तिच्याबरोबर रेशन कार्डाच्या कामासाठी गेले होते. खिडकीतल्या माणसाने नवऱ्याचे नाव विचारले तेव्हा ती काही बोलली नाही. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला पुढे केले, आणि मी ते नाव सांगितले. त्या माणसाने नाव लिहिले तेव्हा आजी खिडकीच्या कठड्यावर हात टेकून, लिहिता न येणाऱ्या डोळ्यांनी, त्या अक्षरांकडे पाहत होती.